नर्मदेच्या पोटातील धूळ

(धडगाव येथील कार्यकर्ते, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. नदी, समुद्र आणि सूक्ष्म प्लास्टिक हा विषय सातपुड्याच्या कुशीतून पाहण्याचा हा प्रयत्न वाचकांना विचारप्रवृत्त करील, असे वाटते.)



समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लास्टिकविषयी मी बोलणार आहे, असे कळल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. धडगाव कुठे आणि समुद्र कुठे? चांदसैलीचा घाट चढून यायचे, चहूबाजूंना सातपुड्याच्या रांगा पाहायच्या आणि बोलायचे मात्र किनाऱ्याच्या वाळूविषयी, हे वरवर पाहता विसंगत दिसते. परंतु नकाशा समोर ठेवून पाहा. आपल्या परिसरातील ओढे-नाले उदई नदीला मिळतात आणि उदई नर्मदेला मिळते. सातपुड्याच्या धारेवर पडलेला पावसाचा थेंब उत्तरेकडे वळला तर तो नर्मदेचा होतो, दक्षिणेकडे वळला तर तापीचा. नर्मदा भडोचजवळ आणि तापी सुरतजवळ समुद्राला मिळते. पण दोघींचा समुद्र एकच, खंबातचे आखात. म्हणजे धडगाव तालुक्यातील कोणत्याही पाड्यावरून निघालेले पाणी शेवटी एकाच ओंजळीत जमा होते. समुद्र आपल्यापासून दूर असेल, पण आपण समुद्रापासून दूर नाही. त्याच्या घराचा वरचा मजला आपल्याकडे आहे आणि वरच्या मजल्यावरून सांडलेले खालच्या अंगणातच पडते.

नर्मदेची एकूण लांबी १,३१२ किलोमीटर. त्यातील १,०७७ किलोमीटर ती मध्य प्रदेशातून वाहते. नंतर ३५ किलोमीटर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांची, तर ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा होऊन वाहते आणि उरलेले १६१ किलोमीटर गुजरातमधून जाऊन समुद्राला मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला हा जेमतेम ७४ किलोमीटरचा काठ अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांचा आहे. संपूर्ण महाराष्ट्राच्या वतीने नर्मदेची राखण करण्याचे उत्तरदायित्व या दोन तालुक्यांवर आहे. हा मान आहे आणि भारही.

कुजत नाही, फुटते

प्रथम सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे काय, ते पाहू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारणपणे तुरीच्या दाण्यापेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली किनाऱ्यावरच्या वाळूत व समुद्राच्या गाळात असे कण दाखवून दिले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. काही कण मुळातच लहान असतात. कारखान्यात वस्तू घडवण्यासाठी कच्चा माल म्हणून येणारे मसुराएवढे दाणे, हे त्याचे उदाहरण. परंतु बहुतांश कण मोठ्या वस्तूंचेच तुकडे असतात.

मोहाचे पान जमिनीवर पडते. जिवाणू, बुरशी आणि वाळवी त्यावर काम करतात आणि एक-दोन पावसाळ्यांत त्याची माती होते. ही माती पुन्हा मोहालाच पोसते. प्लास्टिकची पिशवी मात्र कोणाचेच अन्न नाही. ती उन्हात पडली की सूर्यकिरणांतील अतिनील प्रकाश तिच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडू लागतो. पिशवी पांढुरकी पडते, कडक होते आणि मग बोट लावताच तिचा चुरा होतो. खताची जुनी गोणी छपराखाली दोन उन्हाळे ठेवून मग उचलली असता हाताला जी पांढरी धूळ लागते, ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पिशवी नाहीशी झाली, असे आपण म्हणतो. वास्तविक एका पिशवीच्या हजारो पिशव्या झालेल्या असतात. केवळ त्या डोळ्यांना दिसत नाहीत. बाजारात काही पिशव्या ‘आपोआप विरघळणाऱ्या’ म्हणून विकल्या जातात. त्यांतील पुष्कळशा रसायन मिसळून लवकर फुटतील अशा बनवलेल्या असतात. लवकर फुटणे म्हणजे लवकर कुजणे नव्हे. त्या पिशव्या केवळ धूळ होण्याची घाई करतात.

हा भेद मनात पक्का करणे आवश्यक आहे, कारण आजच्या विषयाचे सार त्यातच आहे. बाटली बाटली असते तोवर एक लहान मूलही ती उचलू शकते. तिची धूळ झाली, धूळ ओढ्यात गेली, ओढा नदीत गेला की मग जगातील कोणताही धनवान देश, कोणतेही यंत्र ती परत गोळा करू शकत नाही. उपाय करण्याचा काळ असतो आणि तो काळ वस्तू अखंड असेपर्यंतच असतो.

सत्तर वर्षांचा हिशेब

प्लास्टिकचा इतिहास फार मोठा नाही. लिओ बेकलंड या शास्त्रज्ञाने १९०७ साली बेकेलाईट तयार केले. १९५० साली साऱ्या जगाचे वार्षिक उत्पादन सुमारे २० लाख टन होते. आज ते ४० कोटी टनांच्या पुढे गेले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१५ पर्यंतचा सारा हिशेब मांडला. तोवर मानवजातीने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनवले होते. त्यातील ६३० कोटी टन कचरा झाले. या कचऱ्यापैकी अवघे ९ टक्के पुन्हा उपयोगात आले, १२ टक्के जाळले गेले आणि ७९ टक्के कचराभूमीत किंवा मोकळ्या निसर्गात साठून राहिले.

आपल्या आजोबांच्या पिढीने घरात प्लास्टिक न आणता सारे आयुष्य काढले. पाण्याला मडके आणि भोपळ्याचे तुंबडे, धान्याला बांबूची कणगी, जेवणाला पळसाची पत्रावळ आणि बाजाराला कापडी झोळी. हे दारिद्र्याचे लक्षण आहे, असे मध्यंतरी आपल्याला शिकवले गेले आणि आपणही ते खरे मानले. आज श्रीमंत देशांतील उपाहारगृहे पानांच्या थाळ्या विकत घेतात. आपल्याच हातातील विद्या दुसऱ्याच्या वेष्टणात परत येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

नदीतील प्रवास

सातपुड्यातील पाऊस सपाटीवरच्या पावसासारखा नसतो. उतार तीव्र, माती पातळ; त्यामुळे मृगाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर आठ महिने उतारावर पडून असलेले सारे काही एका दिवसात खाली येते. शेवचिवड्याच्या आणि पानमसाल्याच्या पुड्या, शाम्पूच्या एकेक रुपयाच्या पट्ट्या, पाण्याच्या बाटल्या, तुटलेल्या चपला. बिलगावचा धबधबा पावसाळ्यात पाहणाऱ्याला त्याच्या शुभ्र धारा दिसतात. त्या धारा दगडावर आपटताना पाण्याबरोबर जे काही आले असेल, त्याचेही पीठ करीत असतात. डोंगरी नदी ही एक चक्कीच आहे.

या चक्कीतील पीठ पुढे कुठे जाते? पूर्वी नर्मदा वाहती होती. आता आपल्या काठाला तिचा जलाशय आहे. सरदार सरोवराचा जलाशय सुमारे २१४ किलोमीटर लांब पसरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये तो प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. या प्रकल्पासाठी महाराष्ट्रातील ३३ गावांनी आपल्या जमिनी पाण्याखाली जाताना पाहिल्या, ही गोष्ट येथे बसलेल्या कोणालाही वेगळी सांगण्याची गरज नाही. परंतु वाहते पाणी थांबले की त्यातील भार खाली बसतो. वाळू बसते, गाळ बसतो आणि गाळाबरोबर प्लास्टिकही बसते.

सारे प्लास्टिक मात्र एकसारखे वागत नाही. पिशव्यांचे पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असते. ते तरंगते आणि काठाकाठाने साचते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक आणि जाळ्यांचे नायलॉन पाण्यापेक्षा जड असते. त्यांचे तुकडे तळ गाठतात. हलक्या तुकड्यावरही काही दिवसांनी शेवाळ चढते, तो जड होतो आणि बुडतो. म्हणून पृष्ठभागावर पाणी नितळ दिसले, यावरून नदी स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. तळाच्या गाळात चरणारा मासा आणि पृष्ठभागावर चरणारा मासा, दोघांच्याही पोटात ते जाऊ शकते.

जलाशयाच्या काठच्या आपल्या बांधवांनी शेती गेल्यावर मासेमारीची कास धरली, सहकारी संस्था काढल्या. त्यांचा संसार या पाण्यावर आहे. फाटलेले नायलॉनचे जाळे पाण्यात सोडून देणे हे त्यांच्याच ताटात माती कालवण्यासारखे आहे; ते जाळे वर्षानुवर्षे मासे अडकवून मारते आणि शेवटी त्याचे तंतू होतात. जाळे काठावर आणून ठेवण्याचा एक साधा नियम या संस्थांनी केला, तर तो कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

वाळूत काय सापडले?

आता आपण नदीबरोबर समुद्रापर्यंत जाऊ. खंबातच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर, भावनगर जिल्ह्यात, अलंग येथे जुनी जहाजे तोडण्याचा मोठा उद्योग आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील समुद्रगाळ तपासला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार एक किलो गाळात सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लास्टिकचे बारीक तुकडे मिळाले. नर्मदा आणि तापी ज्या आखाताला मिळतात, त्याच आखाताची ही नोंद आहे. तेथील तुकड्यांचे कारण जहाजतोडणी होते, हे खरे. परंतु एकदा पडलेला कण कोणत्या जहाजाचा आणि कोणत्या नदीचा, हे गाळ विचारीत नाही.

मुंबईचे चित्र असेच आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी जुहू, वर्सोवा, आक्सा आणि दादर या चार किनाऱ्यांची पाहणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाळूच्या एका चौरस मीटरमध्ये सरासरी ६८ हून अधिक प्लास्टिकचे तुकडे आढळले आणि त्यातील सुमारे दोन पंचमांश तुकडे एक ते पाच मिलिमीटर आकाराचे होते. एका चटईएवढ्या जागेत साठ-सत्तर तुकडे! ज्या वाळूत आपली मुले किल्ले बांधतात, त्या वाळूची ही कथा आहे. पावसाळ्यातील मोठ्या भरतीला मुंबईचा समुद्र आपल्या पोटातील कचरा किनाऱ्यावर आणि रस्त्यांवर परत फेकतो, हे दृश्य मुंबईकर दरवर्षी पाहतात. समुद्र ठेव परत करतो. पण केवळ मोठ्या वस्तूंची. बारीक चुरा तो आपल्याजवळच ठेवतो.

आपत्तीही घडतात. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळाले आणि सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले आणि तसेच दाणे केरळच्या किनाऱ्यावर आले. स्वयंसेवकांनी चाळण्या घेऊन वाळू चाळली. समुद्रकिनारा चाळणीने चाळायचा, या कल्पनेतच मनुष्याची असहायता स्पष्ट होते. वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेली स्वच्छतेची चळवळ अभिनंदनीय होती. तेथे २०१८ साली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लेही दिसली. परंतु त्या चळवळीनेही हेच शिकवले की, वरून येणारा प्रवाह थांबत नाही तोवर खाली झाडू थांबवता येत नाही.

मिठाची पुडी

‘खाली गेले ते गेले’ असे कोणाला वाटत असेल, तर त्याने घरातील मिठाची पुडी पाहावी. देशातील मिठाचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा गुजरातच्या किनाऱ्यावर पिकतो. समुद्राचे पाणी मिठागरात घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि उरलेले क्षार गोळा करायचे. पाणी वाफ होऊन जाते, पण प्लास्टिकचा कण वाफ होत नाही. तो मिठातच राहतो. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली भारतीय मिठाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत ६२६ कण मिळाले. त्यातील ६३ टक्के तुकडे आणि ३७ टक्के तंतू होते. तंतू म्हणजे बहुधा आपल्या पॉलिस्टरच्या साड्या-सदऱ्यांचे आणि जाळ्यांचे धागे. याच संशोधकांनी एक आशादायक गोष्टही सांगितली: समुद्राचे पाणी मिठागरात घेण्यापूर्वी साध्या वाळूच्या गाळणीतून सोडले, तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक प्लास्टिक अडवता येते. वाळूची गाळणी ही काही परदेशी विद्या नाही. आपल्या गावोगावी झऱ्याकाठी वाळूत खड्डा करून पाणी घेणाऱ्या माउलीला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अशा रीतीने चक्र पूर्ण होते. ओढ्याने नदीला दिले, नदीने समुद्राला दिले, समुद्राने मिठाला दिले आणि मीठ घाट चढून भाकरीबरोबर आपल्या ताटात आले. ते आले तेही प्लास्टिकच्याच पुडीतून.

शरीरात गेल्यावर हे कण काय करतात? या प्रश्नावर अतिशयोक्ती न करता बोलले पाहिजे. २०२१ साली इटलीतील डॉक्टरांनी सहा मातांच्या वारा तपासल्या, त्यातील चार वारांमध्ये प्लास्टिकचे कण मिळाले. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळले. २०२४ साली इटलीतील आणखी एका अभ्यासात मानेच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांच्या रक्तवाहिनीतील थरात प्लास्टिक होते, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच हे घडले, असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढेच त्याने सांगितले. परंतु ज्या गर्भाने अद्याप जगाचा श्वासही घेतलेला नाही, त्याच्या वाऱ्यापर्यंत आपली पिशवी पोहोचली असेल, तर पूर्ण सिद्धतेची वाट पाहत स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. विहिरीत साप आहे की दोर, याचा निर्णय होईपर्यंत मुलाला विहिरीच्या काठापासून दूर ठेवायचेच असते.

आणि बाटलीतील पाणी शुद्ध म्हणून जे तेच पितात, त्यांनी हेही ऐकावे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार कण मोजले गेले. त्यातील बहुतेक अतिसूक्ष्म होते. त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी दाखवले की, क्षारयुक्त कठीण पाणी पाच मिनिटे उकळले, तर तळाशी बसणारे क्षार आपल्याबरोबर बरेचसे कणही घेऊन बसतात. मग वरचे पाणी गाळून घ्यावे. पाणी उकळून, गाळून प्यावे, ही आजीची शिकवण येथेही उपयोगी पडते.

दोष कोणाचा?

हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अक्राणी तालुक्यात प्लास्टिकचा कारखाना नाही. पाड्यावरच्या माणसाने शाम्पूची एक रुपयाची पट्टी मागितली नव्हती; कंपन्यांनी ती त्याच्यापर्यंत आणली, कारण मोठी बाटली घेण्याची त्याची ऐपत नव्हती. माल डोंगरात पोहोचवण्याची व्यवस्था उभी राहिली. वेष्टन परत नेण्याची व्यवस्था मात्र कोणी उभी केली नाही. शहरात निदान घंटागाडी येते, पाड्यावर ती येत नाही. मग डोंगरातील माणसाला ‘तू नदी घाण करतोस’ असे शहरातून येऊन सांगणे हा उद्धटपणा होय.

कायदे झाले आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांची चर्चा झाली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने ताटल्या, पेले, चमचे, नळ्या अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद केल्या. पिशवीची जाडी त्याच वर्षअखेरीपासून किमान १२० मायक्रॉन ठरली. उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्वही नियमांत आले आहे. परंतु पाण्याची बाटली आणि खाऊची पुडी केंद्राच्या या बंदीत नाहीत आणि आपल्या ओढ्यात सर्वाधिक दिसतात त्या याच दोन वस्तू. जागतिक स्तरावर ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे प्लास्टिक कराराची बोलणी निष्फळ ठरली. तेल विकणारे देश उत्पादनावर मर्यादा मान्य करायला तयार नव्हते. तात्पर्य, जिनिव्हाची वाट पाहत बसलो तर उदई वाट पाहणार नाही.

विवेक हवा

सारे प्लास्टिक वाईट, असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या छपरावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, रुग्णालयातील सलाईनची बाटली, झऱ्याचे पाणी उतारावरून शेतापर्यंत आणणारी नळी यांनी गरिबाचे आयुष्य सुसह्य केले आहे. ते हिरावून घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. वर्षानुवर्षे उपयोगी पडणारी वस्तू वेगळी आणि पाच मिनिटांच्या उपयोगासाठी शेकडो वर्षे उरणारी वस्तू वेगळी. त्याग दुसरीचा करायचा आहे. उपयोग किती काळ आणि उपद्रव किती काळ, हे एकच मोजमाप प्रत्येक घराने लावावे.

आता करण्याच्या गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट ग्रामसभेची. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभा आणि योग्य स्तरावरच्या पंचायती यांना जे अधिकार दिले, त्यांत गावबाजाराचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार स्पष्टपणे नमूद आहे. या अधिकाराची चर्चा आपण फार केली. उपयोग कमी केला. आपल्या आठवडे बाजारात पातळ पिशवी येणार नाही, असा ठराव गावाने एकमुखाने करावा आणि तो व्यापाऱ्याला आधी कळवावा. धडगाव शहराचा बाजार नगरपंचायतीकडे आहे. तेथे नगरसेवकांना हा विषय घ्यायला लावावा. गावाने केलेला नियम टिकतो का, असे कोणी विचारील, तर त्याने साक्री तालुक्यातील बारीपाड्याला जावे. चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने जंगल राखण्याचे नियम स्वतः केले, मोडणाऱ्यास दंड ठेवला आणि उजाड डोंगर हिरवे केले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोणी पोलीस तेथे उभा नव्हता. गावाचा शब्द उभा होता.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. माल घेऊन घाट चढणारी वाहने पुष्कळदा रिकामी उतरतात. प्रत्येक शाळेत आणि किराणा दुकानापाशी दोन गोण्या बांधाव्यात: एकीत बाटल्या आणि जाड डबे, दुसरीत पुड्या आणि पट्ट्या. पहिल्या गोणीला भंगाराच्या बाजारात किंमत आहे. दुसरीला नाही, म्हणूनच ती नदीत जाते. ती गोणी महिन्यातून एकदा खाली जावी, तालुका आणि जिल्हा प्रशासनाने ती उत्पादकांच्या खर्चाने सिमेंट कारखान्याच्या भट्टीपर्यंत पोहोचवावी, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा. तो आपला नियमातील हक्क आहे, याचना नव्हे. आणि तोवर कचरा चुलीत किंवा अंगणात जाळू नये; त्या धुरातील विष प्रथम चूल फुंकणाऱ्या भगिनीच्या छातीत जाते.

तिसरी गोष्ट भाविकांची. नर्मदेची परिक्रमा करणारे हजारो परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीतून याच भागातून जातात. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखराकडे तरुणांच्या झुंडी निघतात, महाशिवरात्रीला तोरणमाळला यात्रा भरते. परिक्रमावासी नर्मदेला उजव्या हाताशी ठेवून चालतो. पात्र ओलांडणेही त्याला निषिद्ध आहे. इतक्या सूक्ष्म मर्यादा पाळणाऱ्याच्या पडशीतून गळलेली पुडी त्याच मातेच्या पोटात जावी, हे व्रताला शोभणारे नाही. कमंडलू हातात असताना बाटली विकत घेण्याची आवश्यकताच काय? मंडळांनी आणि अन्नछत्रांनी पळसाच्या पत्रावळी वापराव्यात आणि त्या येथील भगिनींकडून योग्य दराने घ्याव्यात. श्रद्धेचे पावित्र्य आणि पाड्याची मिळकत, दोन्ही एकाच पानावर येतील.

चौथी गोष्ट आपली, म्हणजे कार्यकर्त्यांची. शहरातून सेवाकार्यासाठी येणारे आपले बांधव प्रेमाने खाऊ, कपडे, वह्या आणतात. त्यांचे प्रेम आम्हाला हवे, वेष्टन नको. येताना सामान उघडे, कापडी गाठोड्यात आणावे. जाताना आपला कचरा आपल्याबरोबर न्यावा. आपल्या कोणत्याही बैठकीत आणि शिबिरात बाटलीबंद पाणी नसावे; माठ असावा, तांब्या असावा. जे आपण व्यासपीठावर बोलतो, ते व्यासपीठावरच्या टेबलावर दिसले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांसाठी एक काम सुचवतो. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या ओढ्याच्या काठची एक मूठ कोरडी वाळू घ्या, मिठाच्या दाट पाण्यात ढवळा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. वाळू तळाशी बसेल, हलके प्लास्टिक वर येईल. भिंगातून ते तुकडे मोजा, वहीत तारीख आणि जागा लिहा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. असे पाच वर्षे करा. आपल्या नदीविषयी दुसऱ्याने दिल्लीत किंवा परदेशात बसून लिहिण्यापूर्वी तिच्या लेकरांनी स्वतः लिहिलेली ती नोंद असेल आणि ग्रामसभेत तिच्याइतके वजन कोणत्याही भाषणाला येणार नाही.

नदी वाहून नेते, म्हणून आपण तिला माता म्हणतो. पण माता वाहून नेते याचा अर्थ तिला भार होत नाही, असा नसतो. गावे पाण्याखाली जाताना या काठच्या लोकांना कोणी फारसे विचारले नाही. पुडी मात्र आपल्या हातातून सुटते आणि ती सोडायची की नाही, हे ठरवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. पुढचा पाऊस मृगात येईल. तोपर्यंत उतारावर जे जे अखंड पडले आहे, ते उचलण्यास आपल्या हातात थोडे महिने आहेत. आजच्या सभेतून घरी जाताना वाटेतील पहिली बाटली उचलून हा आरंभ करावा, एवढी विनंती करतो.

नर्मदे हर!